आधी ध्वनिमुद्रण, मग करार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. रेकॉर्ड कंपनी म्हणते तशी गाणी थोडी गोड करून द्यावीत, की आहेत तशीच पदरचे पैसे घालून आधी ध्वनिमुद्रित करावीत, असे तू विचारले आहेस. माझे मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे, आणि त्यामागे ब्राझीलमधल्या साओ पाउलोचा 'आस मर्सेनारियास' हा बँड आहे.

या नावाचा अर्थ भाडोत्री सैनिक स्त्रिया. १९८२ मध्ये बँड उभा राहिला, तेव्हा ब्राझीलमध्ये १९६४ पासून चाललेली लष्करी राजवट होती. ती १९८५ मध्ये संपली, तरी सेन्सॉरशिप १९८८ च्या राज्यघटनेपर्यंत रेंगाळली. त्या काळात या मुलींनी पोलिसांवर आणि चर्चवर गाणी केली. सुरुवातीला ड्रमवर 'इरा!' बँडचा एडगार्ड स्कांदुर्रा होता, नंतर लू आली.

१९८६ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली, 'कादे आस आर्मास?', म्हणजे 'शस्त्रे कुठे आहेत?'. ती काढणारे लुइझ कालांका हे मुळात रेकॉर्डचे दुकानदार. साओ पाउलोतल्या गालेरिया दो रॉक या दुकानांच्या इमारतीतल्या आपल्या 'बारातुस आफिन्स' या दुकानाच्याच नावाने त्यांनी लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी, चालवले. तू बेस वाजवतेस, म्हणून सांद्रा कौतिन्योचा बेस कान देऊन ऐक. तो मागे राहून नुसता ताल धरत नाही, गाणे तोच ओढत नेतो. आना माशादोची गिटार त्यावर ओरखडे काढत जाते आणि रोझालिया मुन्योसचा आवाज कुणाचीही मनधरणी करत नाही. गाणी आखूड आहेत. म्हणणे संपले की तिथेच थांबतात. यातले काहीही गोड केले असते, तर ती गाणी उरलीच नसती.

१९८८ मध्ये इएमआयसारख्या मोठ्या कंपनीकडून 'ट्रॅशलँड' आली आणि त्यानंतर लवकरच बँड फुटला. त्या रेकॉर्डला मी कमी लेखत नाही, पण माझे मन पुन्हा पुन्हा पहिलीकडेच वळते. २००५ मध्ये लंडनच्या सोल जाझ रेकॉर्ड्सने त्यांच्या गाण्यांचा स्वतंत्र संग्रह काढला. जवळजवळ वीस वर्षांनी परदेशातल्या श्रोत्यांपर्यंत ती गाणी पोचू शकली, कारण ती वेळेवर ध्वनिमुद्रित झालेली होती.

तेव्हा तुमची पाच गाणी याच महिन्यात ध्वनिमुद्रित करा, मूळ फायली दोन वेगळ्या घरी ठेवा, आणि ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाची हे कागदावर आल्याशिवाय सही करू नका. मसुदा आला की मला पाठव, आपण एकत्र वाचू.

तुझा,
काका