रेडिओ स्कॅनरला कंट्रोल चॅनल (कुठलं संभाषण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते सांगणारा चॅनल) सापडतो, पण आवाज येत नाही. काय चुकतंय?

अमेरिकेतल्या काउंटीची पी२५ सिस्टीम (पोलीस, अग्निशमन दल वगैरेंची डिजिटल रेडिओ यंत्रणा) युनिडेन बीसीडी३२५पी२ स्कॅनरमध्ये भरलीत आणि तो गप्प आहे, तर आधी आयडी स्कॅन सुरू आहे का ते बघा. या मोडमध्ये तुम्ही भरलेले टॉकग्रुपच (एकेका विभागाचे संभाषण-गट) ऐकू येतात. एकही भरला नसेल तर शांतताच! सिस्टीमच्या सेटिंगमध्ये आयडी सर्च लावा, म्हणजे सगळे टॉकग्रुप ऐकू येतील. हवे ते सेव्ह करून मग आयडी स्कॅनवर परत या. सिस्टीमची, साइटची (म्हणजे एका भागाला सिग्नल पुरवणाऱ्या टॉवरची) किंवा ग्रुपची क्विक की (तो भाग चालू-बंद करणारा क्रमांक) बंद राहिली तरी हेच होतं.

पी२५ मध्ये साइटचे कंट्रोल चॅनल भरले की पुरे, पर्यायी धरून सगळे, कारण सिस्टीम ते बदलत असते. साइटही जवळचीच निवडा.

सिग्नलच्या काड्या पूर्ण आणि आवाज तुटक, हे सायमलकास्टचं लक्षण. यात अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर तेच पाठवतात आणि लहरी एकमेकींत गोंधळ घालतात. अशा वेळी मोठा अँटेना उलट त्रास वाढवू शकतो. स्कॅनर हातभर सरकवा, अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारी सोय) लावून बघा. सायमलकास्टसाठी युनिडेनचाच एसडीएस१०० स्कॅनर खरंच उजवा आहे.

एन्क्रिप्टेड टॉकग्रुप मात्र कुठल्याच स्कॅनरवर ऐकू येणार नाहीत.