दोन कंपन्यांचं ब्रॉडबँड घेतलं तर समुद्रातली केबल तुटल्यावरही नेट नीट चालेल का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा लंडनच्या क्लायंटचा रिमोट डेस्कटॉप चार-पाच दिवस रांगत होता. मॅनेजरने 'आधी घरचं नेट सुधार' म्हणून सगळ्यांसमोर सुनावलं. आता तुम्ही दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घ्यायच्या विचारात आहात, आणि हे सगळं सॅटेलाइटवर का नेत नाहीत असंही तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या कनेक्शनने यात काही फरक पडणार नाही. पैसे वाचवा.

तुमच्या घरातून दोन वायरी निघतील, पण मुंबईहून युरोपकडे जायचा रस्ता जवळजवळ एकच आहे. अरबी समुद्र, एडनचं आखात, बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी, लाल समुद्र, मग इजिप्तच्या जमिनीवरून पलीकडे भूमध्य समुद्रात. बाब-अल-मंदेब जेमतेम तीस किलोमीटर रुंद आहे. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन तारायंत्राची केबल टाकली आणि सुएझमार्गे मुंबई इंग्लंडला जोडली गेली. तारायंत्र गेलं, काचेचे धागे आले, रस्ता मात्र तोच राहिला. एक एसटी आणि एक खाजगी बस, दोन्हींची तिकिटं खिशात असली तरी दोन्ही गाड्या आंबेनळी घाटातूनच जाणार असतील, तर दरड कोसळल्यावर दुसऱ्या तिकिटाचा उपयोग काय?

तुमच्या मॅनेजरचं वाक्य वाचलं म्हणून हे लिहायला बसलो. २००८ साली हेच मी ऐकलंय, आणि माझ्यापेक्षा ज्यांचा त्यात काडीचा संबंध नव्हता अशा मुलांनी त्याची किंमत मोजलीय.

तेव्हा मी पुण्यात एका बीपीओच्या नेटवर्क टीममध्ये होतो. इंग्लंडमधल्या एका विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन आमच्या हडपसरच्या फ्लोअरवर यायचे. आवाज सगळा आयपीवर, म्हणजे इंटरनेटसारखाच डेटा होऊन जायचा. मुंबईहून लंडनला दोन लिंक होत्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. त्या घेताना मी दोघांकडेही मार्गाचा नकाशा मागितला होता. दोघांच्याही सेल्सवाल्यांनी पाठवलेल्या आकृतीत डावीकडे मुंबई, उजवीकडे लंडन आणि मध्ये एक ढग. ढगाच्या आत काय आहे ते कोणी सांगेना. मग मी लेखी दिलं की दोनांपैकी एक लिंक चेन्नईहून सिंगापूरकडे, पॅसिफिकमार्गे घ्या; भले ती लहान असो. खरेदी विभागाच्या साहेबांनी फाइल परत पाठवली. त्यांचं म्हणणं, 'दोन कंपन्या आहेत, दोन बिलं भरतोय, आणखी बॅकअप म्हणजे काय करायचं?'

३० जानेवारी २००८, बुधवार. सकाळी एक लिंक गेली. ट्रॅफिक दुसरीवर गेलं, फ्लोअरवर कोणाला कळलंही नाही. दुपारी, इंग्लंडची शिफ्ट भरायच्या सुमाराला, दुसरीही गेली. ट्रेसरूट (डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी चाचणी) लावला तर मुंबईच्या राउटरपर्यंत नीट उत्तरं येत होती आणि पुढे नुसत्या चांदण्या, म्हणजे उत्तरच नाही. सपोर्टला फोन केला तर 'बल्क फॉल्ट आहे सर, टीम बघतेय' एवढंच. संध्याकाळी बातम्यांमधून कळलं की इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या आशिया-युरोप जोडणाऱ्या दोन्ही केबल तुटल्या आहेत. आमची एक लिंक एकीवर होती, दुसरी दुसरीवर. म्हणजे कंपन्या दोन, केबलसुद्धा दोन, पण समुद्राचा तळ एकच. भारताची निम्म्याहून जास्त बँडविड्थ गेल्याचं इंटरनेट सेवादारांच्या संघटनेने तेव्हा सांगितलं होतं.

रात्री उशिरा एका कंपनीने आम्हाला वळवून दिलं. आता ट्रेसरूटमध्ये मुंबईनंतर सिंगापूर, मग लॉस एंजेलिस, मग न्यूयॉर्क आणि शेवटी लंडन. जगाला उलटी प्रदक्षिणा. एरवी जाऊन-येऊन दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास लागायचे, ते साडेतीनशेच्या वर गेले. सगळा देशच त्या वाटेवर लोटलेला, त्यामुळे पॅकेटही, म्हणजे डेटाचे तुकडे, वाटेत गळत होती. ईमेलला याचं काही वाटत नाही, बोलण्याला वाटतं. फ्लोअरवर उभं राहिलं की दिसायचं काय होतंय ते. मुलगी 'गुड मॉर्निंग' म्हणते, पलीकडून काही येत नाही म्हणून पुन्हा म्हणते, तेवढ्यात पलीकडचा बोलायला लागतो, दोघं एकदम थांबतात, पुन्हा दोघं एकदम सुरू. तिसऱ्या वेळी ग्राहक फोन आपटतो. आणि सिस्टीम त्या कॉलची नोंद करते ती त्या मुलीच्या नावावर.

दोन दिवसांनी, १ फेब्रुवारीला, दुबईजवळ फाल्कन केबलही तुटली. मग अफवांना ऊत आला. कोणी म्हणे अमेरिकेची पाणबुडी, कोणी म्हणे इराणचं नेट तोडायचं होतं. इजिप्तच्या दूरसंचार मंत्रालयाने सांगितलं की केबल तुटल्या त्या वेळेच्या आगेमागे त्या भागातून कुठलंही जहाज गेलेलं दिसलं नाही, त्याने अफवांना आणखी बळ आलं. फाल्कनच्या जागी मात्र दुरुस्तीवाल्यांना काही टन वजनाचा, कुणीतरी सोडून दिलेला जहाजाचा नांगर सापडला.

दुरुस्ती कशी होते हे आमच्या साहेबांना कधीच समजून घ्यायचं नव्हतं. ते रोज 'अजून किती तास' एवढंच विचारायचे. खोल समुद्रातली केबल जाडीला साधारण दोन सेंटिमीटर असते. माझ्याकडे तिचा एक कापलेला नमुना आहे. बाहेर काळं पॉलिथीन, आत तांब्याची नळी, तिच्या आत पोलादी तारांचा पीळ, आणि अगदी मध्ये जेलीत बुडालेले केसाएवढे काचेचे धागे. नखाने उचलायला गेलं तर धागा बोटाला चिकटून येतो. त्यातून अख्ख्या देशाचं बोलणं जातं. ती तुटली की किनाऱ्यावरच्या स्टेशनातून प्रकाशाचे ठोके सोडून ते कुठून परत येतात यावरून जागा काढतात. मग जहाज निघतं. ते जवळच्या बंदरात मोकळं उभं असेल असं नाही, आणि ज्या देशाच्या पाण्यात काम आहे त्याची परवानगीही लागते. जहाज लोखंडी आकडा तळाशी ओढत नेऊन केबलचं एक टोक वर आणतं, त्याला बोया बांधतं, दुसरं टोक शोधतं, मध्ये नवा तुकडा घालून एकेक धागा वितळवून जोडतं. हवा बिघडली तर सगळं थांबतं. अलेक्झांड्रियाचं काम दहा-बारा दिवसांत झालं, हे मी लवकर झालं असंच म्हणेन.

पण आमच्याकडे खरा प्रकार त्यानंतर घडला. फेब्रुवारीच्या शेवटी आढावा बैठक झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की 'नेटवर्क टीमचं नियोजन कमी पडलं.' मी माझं जुनं पत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललंही नाही. ते मी गिळलं असतं. पण त्या महिन्यात फ्लोअरवरच्या मुलांचा इन्सेंटिव्ह कापला गेला, कारण त्यांचे कॉल अर्धवट तुटलेले होते, गुणवत्तेचा आकडा खाली होता. केबल तुटली अलेक्झांड्रियाला आणि पैसे कापले हडपसरला. बार्शीची एक मुलगी होती, शैक्षणिक कर्जाचा हप्ता इन्सेंटिव्हमधून भरणारी. ती आमच्या खोलीत येऊन विचारून गेली, 'सर, हे अलेक्झांड्रिया कुठे येतं?' मी नकाशावर दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, 'मग माझा आकडा कशाला खाली?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण उत्तर नेटवर्कचं नव्हतंच.

मी तुटलेल्या कॉलच्या वेळा काढल्या, त्याच वेळेचे पॅकेट-लॉसचे आलेख शेजारी लावले आणि तो गठ्ठा ऑपरेशन्सला आणि एचआरला दिला. प्रत्येक कॉल कुठल्या मिनिटाला तुटला आणि त्या मिनिटाला लिंकवर काय चाललं होतं ते समोरासमोर दिसत होतं. एचआरने 'पॉलिसी आहे' म्हणून परत पाठवला. पैसे कोणालाच मिळाले नाहीत. बार्शीची मुलगी उन्हाळ्यात सोडून गेली.

पूर्वेकडची लिंक शेवटी आली, पण ती माझ्या पत्रामुळे नव्हे. विमा कंपनीने करार चालू ठेवायला तशी अट घातली म्हणून. १९ डिसेंबर २००८ ला भूमध्य समुद्रात सिसिली आणि इजिप्तच्या दरम्यान पुन्हा सी-मी-वी-३, सी-मी-वी-४ आणि फ्लॅग तुटल्या. त्या दिवशी आमचे कॉल उशिरा ऐकू येत होते, पण येत होते. साहेबांनी क्लायंटला 'आम्ही आधीच तजवीज केली होती' असा मेल टाकला. त्यात आमच्या टीमचा उल्लेख नव्हता. मला त्याचा आजही राग येतो.

म्हणून ठासून सांगतो: केबल तुटणं हा अपघात आहे, पण त्याने काम बंद पडणं हा कोणीतरी कागदावर घेतलेला निर्णय असतो. जगात दरवर्षी दीडशे ते दोनशे ठिकाणी समुद्राखालच्या केबलना इजा होते. त्यातल्या सत्तर-ऐंशी टक्के घटना मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांच्यामुळे. शार्क चावतात वगैरे सोडून द्या. २०२४ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र लागलेलं 'रुबीमार' जहाज खलाशांनी सोडलं, ते नांगर ओढत लाल समुद्रात भरकटलं, आणि त्याच सुमाराला तिथल्या तीन केबल तुटल्या. नांगरामुळेच, असा जाणकारांचा अंदाज आहे. युद्धामुळे आणि येमेनच्या परवान्यांमुळे दुरुस्तीला महिने गेले. तुमच्या वेळची, ६ सप्टेंबर २०२५ ची घटना जेद्दाहजवळची. तुटलेल्या केबलमध्ये सी-मी-वी-४ आणि भारत-युरोप जोडणारी आयएमईडब्ल्यूई होत्या. सी-मी-वी-४ हे नाव वर आलंय, बघा. सतरा वर्षांनीही तीच केबल, तोच रस्ता, आणि तुमच्या कंपनीला म्हणे धक्का बसला.

सॅटेलाइटबद्दल थोडक्यात. देशाबाहेरचा जवळजवळ सगळा डेटा केबलमधूनच जातो, कारण एका नव्या केबलची क्षमता शेकडो टेराबिटमध्ये असते आणि उपग्रह त्याच्या जवळपासही जात नाही. जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीने टोंगाची एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तोडली. लाखभर वस्तीचा देश, तरी उपग्रहावर कशीबशी गरज भागली आणि केबल जोडायला पाच आठवडे लागले. मुंबईचं एक उपनगरसुद्धा त्यात भागणार नाही. स्टारलिंकसारखे खालून फिरणारे उपग्रह उशीर कमी करतात, पण त्यांचाही डेटा शेवटी जमिनीवरच्या स्टेशनातून केबलमध्येच उतरतो.

आता मॅनेजरचं. पुढच्या वेळी असं झालं की लगेच दोन पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावा: एक भारतातल्या सर्व्हरला, एक ऑफिसच्या लंडनच्या व्हीपीएनला. पहिला वीस-तीस मिलिसेकंदांत येतोय आणि दुसराच फुगलाय, तर घरचं नेट निर्दोष आहे. वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा, ट्रेसरूट जोडा, आणि फोनवर न बोलता मेल करा. मेलमध्ये विचारा की कंपनीच्या मुंबई-लंडन लिंक कोणत्या केबलवरून जातात, कोणत्या लँडिंग स्टेशनवरून (केबल किनाऱ्याला लागते ते ठिकाण) बाहेर पडतात आणि करारात मार्ग वेगळे असण्याची अट आहे का. हे विचारणं उद्धटपणा नाही. उत्तर म्हणून ढगाचं चित्र आलं तर तेही जपून ठेवा. आणि त्या दिवसांचं काम तुमच्या अप्रेझलमध्ये धरलं जाणार नाही हे लेखी घ्या. आमच्या मुलांनी घेतलं नव्हतं.

दोन गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. तुमचा क्लायंट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर किंवा सिंगापूरला असता तर लाल समुद्राचा एवढा त्रास झाला नसता, त्यामुळे माझं म्हणणं युरोपपुरतं धरा. आणि दुसरं ब्रॉडबँड अगदीच निरुपयोगी असं नाही. तुमच्या गल्लीत जेसीबीने फायबर तोडली, सोसायटीतला स्विच गेला, तर तेच कामाला येईल, आणि असं तर दर पावसाळ्यात होतं. तेवढ्यासाठी घ्यायचं असेल तर दुसरी वायर दुसऱ्या खांबावरून येते का ते आधी बघून घ्या. आमच्या इमारतीत दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच पाइपातून वर आल्या आहेत.