एम-वनच्या आधी आठवीचे पुस्तक

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. अभियांत्रिकीचा प्रवेश निश्चित झाल्याचे कळले आणि मनापासून आनंद झाला. कॉलेज सुरू होण्यापूर्वीच्या सुट्टीत एम-वनचे, म्हणजे पहिल्या वर्षाच्या गणिताचे, पुस्तक वाचायला घ्यावे का, असे तू विचारले आहेस. माझे स्पष्ट मत असे आहे की ते पुस्तक सध्या उघडू नकोस. पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका मी वर्षानुवर्षे तपासत आलो आहे. त्यांत डेरिव्हेटिव्हची, म्हणजे बदलाच्या दराची, कल्पनाच समजली नाही, अशी मुले मला फार थोडी आढळली. बहुतेकांचे गणित त्याच्या कितीतरी आधी, आठवी-नववीच्या बीजगणितात अडलेले असते.

हे पडताळून पाहायचे असेल, तर कागद घे आणि १/क्ष चे डेरिव्हेटिव्ह सूत्र न वापरता, व्याख्येवरून काढ. क्ष मध्ये ह एवढी वाढ केल्यावर १/(क्ष+ह) मधून १/क्ष वजा करायचे आणि येणाऱ्या वजाबाकीला ह ने भागायचे. छेद समान केले की अंशस्थानी क्ष − (क्ष+ह), म्हणजे −ह उरतो. येथे कंस न घालणारी मुले +ह लिहून मोकळी होतात आणि पुढचे सगळे चुकते. भागाकारात ह जाऊन −१/[क्ष(क्ष+ह)] राहते, आणि ह शून्याकडे नेल्यावर −१/क्ष² हे उत्तर मिळते. या साऱ्या रीतीत कॅल्क्युलसची पायरी शेवटची एकच आहे. बाकी सर्व अपूर्णांकांची वजाबाकी आहे, आणि ती तू शाळेतच शिकली आहेस.

म्हणून बालभारतीची जुनी पुस्तके काढ. घरी नसतील तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळतात. आठवीतील घातांक, विस्तार सूत्रे आणि बैजिक राशींचे अवयव, तसेच नववीतील करणी आणि बहुपदी एवढे पुरेसे आहे. पहिल्या पानापासून सगळे सोडवत बसण्याची गरज नाही. पुस्तकात दिलेल्या संकीर्ण प्रश्नसंग्रहांतील या प्रकरणांची उदाहरणे, आधीची पाने न चाळता, सोडवून पाहा. जेथे हात थांबेल तेथेच मागे जा आणि तो भाग पक्का झाल्याशिवाय पुढे सरकू नकोस. बारावीत उत्तम गुण मिळालेल्या मुलीला आठवीचे पुस्तक उघडताना संकोच वाटतो, हे मी जाणतो. तरीही तो संकोच बाजूला ठेव, असे आग्रहाने सांगतो.

आणखी एक सवय आताच बदलावी लागेल. सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असल्यामुळे पर्याय भरून पाहणे आणि मधल्या पायऱ्या मनातच उरकणे तुझ्या अंगवळणी पडले आहे. त्या परीक्षेपुरते ते योग्यच होते. कॉलेजच्या पेपरात मात्र समोर पर्याय नसतात आणि गुण पायऱ्यांना असतात, त्यामुळे प्रत्येक ओळ वरच्या ओळीतून कशी आली हे लिहून दाखवता आले पाहिजे. एखाद्या पायरीची शंका आली, तर संख्या घालून तपास. √(क्ष²+९) म्हणजे क्ष+३ असे अनेक जण बिनदिक्कत लिहितात. क्ष च्या जागी ४ घातले की डावीकडे ५ आणि उजवीकडे ७ येतात, आणि चूक लगेच उघडी पडते.

सीईटीत अकरावीला साधारण २० टक्केच भार असल्याने तो अभ्यासक्रम बऱ्याच जणांकडून घाईत संपवला जातो. फंक्शन, लिमिट आणि कॉम्प्लेक्स नंबर ही प्रकरणे तेथलीच आहेत. शाळेची उजळणी झाल्यावर ती नीट वाच. त्रिकोणमितीची सूत्रे घोकू नकोस. दोन कोनांच्या बेरजेची साइन आणि कोसाइनची सूत्रे पाठ ठेव आणि दुप्पट कोनाची सूत्रे त्यांच्यावरून दर वेळी स्वतः काढ. इंटिग्रेशनमध्ये कोसाइनचा वर्ग समोर आला की ती लागतीलच.

रोज तासभर पुरे, पण त्या वेळी कॅल्क्युलेटर आणि फोन दूर असू दे. पहिल्या पंधरवड्याची वही मला पाठव. चुकलेली उदाहरणे खोडून टाकू नकोस, कारण कोठे अडते आहे हे मला त्यांच्यावरूनच कळेल, आणि पुढे काय घ्यायचे ते मी त्यानंतर कळवीन.

तुझा हितचिंतक