नाटकाचे मूळ घटक कोणते, आणि नाटक सुरू कुठून झालं?

तुम्ही विचारलंय की नाटकाचे मूळ घटक कोणते, ते आले कुठून, आणि पहिली एकांकिका लिहायला घेताना आधी काय धरायचं. मी सांगलीचा, हौशी नाटकवाला. उत्तर सांगलीकडे झुकेल, चालवून घ्या.

परीक्षेपुरतं आधी देऊन टाकतो. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेचे सहा घटक सांगितले: कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत, दृश्य. आपल्याकडे 'दशरूपक' या संस्कृत नाट्यग्रंथात धनंजयाने वस्तू (कथा), नेता (नायक) आणि रस (प्रेक्षकाला येणारा भावांचा आस्वाद) एवढ्या तिघांवर भागवलं. 'नाट्यशास्त्र' ज्याच्या नावावर आहे त्या भरताने अभिनय चार प्रकारचा मानला: आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), सात्त्विक (आतल्या भावाचा) आणि आहार्य. आहार्य म्हणजे वेशभूषा-रंगभूषा. ती त्याने थेट अभिनयात धरली, आमच्याकडे मात्र कपडेपटवाल्याचं नाव कायम पत्रिकेच्या तळाला.

या याद्या वाचून वाटतं की लिहिलेली संहिता ही पहिली गरज. इथे सांगली आडवी येते. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ इथल्या दरबारात झाले. ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसंच काही मराठीत बसवायला सांगितलं आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगलं. (५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन त्याचाच. तंजावरच्या भोसल्यांनी सुमारे दीडशे वर्षं आधी मराठीत नाटकं लिहिली होती, हे सांगलीकर जरा हळू आवाजात सांगतात.) भाव्यांनी पदं रचली, पण पात्रांची भाषणं लिहून दिली नाहीत. सूत्रधार आणि त्याचे साथीदार पद म्हणायचे, ते संपलं की पात्र प्रसंगाला धरून आपल्या शब्दांत बोलायचं. राक्षस आला की 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकायचा. तमाशाच्या वगातही संवाद बऱ्याचदा उभ्या उभ्याच सुचायचे. म्हणजे संहिता नंतर आली, नाटक आधी होतं.

मग आधी काय होतं? माझ्या मते 'सांगणं' सोडून कुणीतरी 'होणं'. कीर्तनकार उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान लावतो तेव्हा क्षणभर रावण होतो, पण लगेच बुवा होऊन परत येतो. तो परत आला नाही की नाटक सुरू. ग्रीकांकडेही असंच घडलेलं दिसतं. डायोनिसस या मद्यदेवाच्या उत्सवात समूह गात-नाचत असे, त्यातून थेस्पिस नावाचा माणूस वेगळा उभा राहून पात्र म्हणून बोलू लागला, अशी परंपरा सांगते. पुढे नाटककार एस्किलसने दुसरा नट आणला, सोफोक्लीसने तिसरा. मला यातला दुसरा नट सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकटा नट समूहाशी बोलेल, पण त्याला अडवायला समोर कुणीतरी लागतं.

नाट्यशास्त्रातली जन्मकथाही हेच सांगते. ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेतला, हे सगळे पाठ करतात. पुढचं वाचत नाहीत. पहिलाच प्रयोग इंद्राच्या ध्वजोत्सवात झाला, विषय होता असुरांचा पराभव. समोर बसलेले असुर चिडले आणि त्यांनी नटांची वाचा, हालचाल, स्मृती गोठवून टाकली. त्यानंतर संरक्षणासाठी नाट्यगृह बांधलं गेलं. म्हणजे पहिल्या प्रयोगापासून प्रेक्षक हा घटक आहेच, आणि तो गप्प बसेल याची खात्री नाही.

तालमीत आम्ही नव्या पोरांना कागद देत नाही. दोन खुर्च्या मांडायच्या, ती एस.टी.ची सीट. एकाने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलीय, तो आत येईपर्यंत दुसरा तिथे बसलाय. उठायचं नाही, हात लावायचा नाही, करा सुरू. पहिल्या मिनिटात दोघं भांडतात, ते कंटाळवाणं असतं. मग एकजण अचानक गोड बोलायला लागतो, आजारी आईचं सांगतो, आणि बघणारे पुढे सरकतात. त्याला जागा हवीय आणि तो मार्ग बदलतोय. कथानक, स्वभाव, भाषा सगळं त्यातून आपोआप यायला लागतं. नेपथ्य, प्रकाशयोजना यांची चिंता नंतर.

तुमच्या एकांकिकेसाठी एवढंच: कुणाला काय हवंय आणि कोण आडवं येतंय ते आधी ठरवा. आणि पडदा उघडल्यावर नायक मोबाईलवर बोलून प्रेक्षकांना सगळी माहिती देत असेल, तर ते पान फाडा. आडवं येणाऱ्याला आत पाठवा.