ड्रॉ बघून रेसवर दोन लाख लावावेत का?

डोंबिवलीच्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘मुदत ठेवीचे दोन लाख येत्या महिन्यात हाती येतील. दोन हंगाम मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या रेसची वही ठेवली आहे. सरासरी नऊ घोड्यांच्या १४० रेसपैकी ४८ रेस १ ते ३ ड्रॉमधल्या (ड्रॉ म्हणजे सुटताना गेटमध्ये चिठ्ठीने मिळालेली जागा, १ सर्वांत आतली) घोड्यांनी जिंकल्या. या तिघांतल्या भावात असलेल्या (ज्यावर जास्त पैसा लागलाय अशा) घोड्यावर दर रेसला हजार रुपये लावले तर? गृहकर्जाचा हप्ता २४ हजार आहे.’

आधी वहीबद्दल. नऊपैकी तीन जागा म्हणजे एक तृतीयांश. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी १४० पैकी ४७ च्या आसपास रेस याच तीन जागांना मिळाल्या असत्या. तुम्हाला ४८ मिळाल्या. पाच-सहाचा फरक तर निव्वळ योगायोगानेही सहज पडतो, त्यामुळे या वहीतून काहीच सिद्ध होत नाही.

ड्रॉचा परिणाम होतच नाही, असं मात्र नाही. अर्धवर्तुळाकार वळणावर घोडा रेलिंगपासून तीन मीटर बाहेरून धावला तर त्याला जवळजवळ साडेनऊ मीटर जास्त कापावे लागतात, म्हणजे सुमारे चार लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी). गेटपासून वळण जवळ असेल तर बाहेरच्या घोड्याला आत यायला वाव मिळत नाही. अंतर लांब असेल तर जॉकी सावकाश जागा करून घेतो. उलट पहिल्या ड्रॉचा घोडा गेटमधून उशिरा सुटला की रेलिंगला अडकतो, पुढे भिंत आणि बाजूलाही भिंत. शिवाय आतली पट्टी तुडवली गेली किंवा रेलिंग सरकवली की कालचा फायदा आज राहत नाही. तुमच्या वहीत अंतर, रेलिंगची जागा, पेनेट्रोमीटरचा (ट्रॅक किती मऊ वा कडक ते मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा यांपैकी एकही रकाना दिसत नाही.

आणि समजा फायदा खरा निघाला, तरी ड्रॉ रेसकार्डावर छापलेला असतो. बुकी तो तुमच्याआधी वाचतो आणि भाव तेवढा कमी करतो.

खरी मेख करात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे बुकीकडे हजाराची पैज तुम्हाला १,४०० ला पडते. भाव तीनास एक, म्हणजे रुपयामागे तीन रुपये नफा, असा धरू. जिंकलात तर मुद्दलासकट ४,००० येतात. वरच्या ३,००० वर ३० टक्के आयकर आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून ९३६ जातात, उरतात ३,०६४. या भावाचा अर्थ घोडा शंभरात २५ वेळा जिंकेल असा आहे, तुमची तोंडमिळवणी व्हायला मात्र तो जवळजवळ ४६ वेळा जिंकावा लागतो. एवढी तफावत कुठलाही ड्रॉ भरून काढणार नाही. हरलेल्या पैजा जिंकलेल्या रकमेतून वजाही करता येत नाहीत, त्यामुळे हंगाम तोट्यात गेला तरी कर भरावा लागू शकतो. टीडीएस कापला नाही म्हणून कर सुटला, असंही नाही.

‘जीएसटी नको, खात्यावर खेळा’ म्हणणारा माणूस भेटेलच. परवान्याबाहेरची पैज बेकायदेशीर आहे, आणि त्याने पैसे बुडवले तर वसुलीला कोर्टात जाता येत नाही.

म्हणून दोन लाख लावू नका. त्यातले १,४४,००० म्हणजे सहा हप्ते. आपत्कालीन निधी वेगळा नसेल तर ते पुन्हा ठेवीत टाका आणि उरलेल्या ५६,००० मधून कर्जाचं मुद्दल फेडा. रेसची हौस असेल तर महिन्याच्या खर्चात सिनेमा-हॉटेलच्या रांगेत हजार रुपये ठेवा, करासकट.

वही चालू ठेवायची तर एक रकाना वाढवा: सुटताना असलेला भाव. तीनास एक असेल तर ०.२५ लिहा, चारास एक असेल तर ०.२०. तुमच्या निवडीच्या घोड्यांची ही बेरीज आणि प्रत्यक्ष जिंकलेल्या रेस ताडून पाहा. बेरीज ३५ आणि विजय ३६ असतील, तर ड्रॉचा फायदा भावातच जिरलेला आहे.