तेलाच्या किमती आणि राजकारण यांवर अंतराळ संशोधनाचं भवितव्य कितपत अवलंबून आहे?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय की तेल महागलं की रॉकेटचं इंधनही महागणार, मग आपल्यासारख्या गरीब देशानं या फंदात पडावंच कशाला. इंधनाचं आधी निकालात काढते. उड्डाणाच्या खर्चात इंधन अगदी किरकोळ असतं. फाल्कन 9 केरोसीनवर उडतं. त्याच्या एका उड्डाणाचे सहा-सात कोटी डॉलर मोजावे लागतात आणि त्यात इंधनाचे असतात काही लाख. तेलाचा भाव दुप्पट झाला म्हणून कुठलंही रॉकेट जमिनीवर बसून राहत नाही. गाडं अडतं ते सरकारच्या तिजोरीपाशी, आणि ती रिकामी झाली की काय होतं हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझी पहिली चांगली नोकरी त्यातच गेली.

मी पुण्याची. 1984 च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोयुझमधून गेले तेव्हा अकरावीत होते. पुढे बी. ए. करता करता रशियन शिकले. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, तेव्हा नुकताच बँकेत लागलेला. तो म्हणायचा, "शिकायचीच असेल तर जपानी शीक, रशियनला भविष्य नाही." मी ऐकलं नाही. 1988 च्या सप्टेंबरात भाषेच्या दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला मॉस्कोला गेले.

तिथे पोचून दोन महिनेही झाले नव्हते, 15 नोव्हेंबरला 'बुरान' उडालं. अमेरिकेच्या शटलसारखंच दिसणारं सोव्हिएत यान. आत माणूस नाही. पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारून, सुमारे साडेतीन तासांत, स्वतःच धावपट्टीवर उतरलं. रात्री वसतिगृहातल्या टीव्हीभोवती आम्ही सगळे गोळा झालो. आमच्या मजल्यावरच्या देझुर्नाया, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या बाई, पदराऐवजी शालीनं डोळे पुसत होत्या. त्याच हिवाळ्यात दुकानातून साबण नाहीसा झाला. त्या बाईंनी माझ्याकडे भारतातून आणलेल्या दोन वड्या मागितल्या, त्याही कुणी बघत नाहीये ना याची खात्री करून. मी दिल्या. तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध मला लागला नव्हता.

संबंध तेलाचा होता. बुरानचा निर्णय 1976 चा. तेलाचे भाव चढत होते, सायबेरियातलं तेल विकून डॉलर येत होते, त्या डॉलरमधून गहूही यायचा आणि यंत्रंही. 1985 च्या अखेरीस सौदी अरेबियानं उत्पादन वाढवलं आणि पिंपामागे तीस डॉलरच्या आसपास असलेला भाव 1986 च्या उन्हाळ्यात दहाच्या घरात आला. बुरान उडालं ते त्यानंतर दोन वर्षांनी. यान तयार होतं आणि ते उडवणाऱ्या देशाकडे साबणाला पैसे नव्हते. ते पुन्हा कधीच उडालं नाही.

मी परत आले. दोन वर्षं पर्यटकांबरोबर फिरण्यात आणि औषधांच्या वेष्टनांची भाषांतरं करण्यात गेली. मग 1991 च्या शेवटी मुंबईतल्या एका कंपनीनं बोलावलं. त्या वर्षी 18 जानेवारीला इस्रोनं सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या अंतराळ संस्थेशी क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या इंजिनांचा करार केला होता. नुसती इंजिनं मिळणार नव्हती, बनवायचं ज्ञानसुद्धा मिळणार होतं. (आदल्याच दिवशी इराकवर बाँबफेक सुरू झाली होती. तेल भडकल्यामुळे आपली परकीय गंगाजळी आटत चालली होती आणि पुढच्या काही महिन्यांत आपण सोनं गहाण टाकलं. तरी तो करार कुणी मोडला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.) कंपनीला वाटत होतं की रशियन कागद आले की सुट्या भागांचं काम आपल्याला मिळेल, म्हणून भाषा येणारी माणसं आधीपासून हवी होती. मला महिन्याच्या करारावर घेतलं. मी एक वही केली. सोप्लो म्हणजे नॉझल, नासोस म्हणजे पंप, शोव म्हणजे वेल्डिंगचा सांधा. शॉपफ्लोअरवरच्या फोरमनकडे जाऊन विचारायचे, या वस्तूला तुम्ही काय म्हणता, आणि तोच शब्द लिहायचे. दीड वर्षात हजारावर शब्द झाले.

मे 1992 मध्ये अमेरिकेनं इस्रो आणि ग्लावकॉसमॉस दोघांवर निर्बंध घातले. कारण दिलं क्षेपणास्त्रांच्या तंत्रज्ञानाचं. ज्यात अतिथंड द्रव हायड्रोजन ऐन वेळी भरावा लागतो असं इंजिन झटपट डागायच्या क्षेपणास्त्रात कोण घालणार, हे तेव्हाही कुणाला पटत नव्हतं. एप्रिल 1993 मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन व्हँकुव्हरला अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटनना भेटले आणि रशियाला 1.6 अब्ज डॉलरची मदत ठरली. जुलैमध्ये रशियानं तंत्रज्ञान देणार नाही म्हणून कळवलं. सप्टेंबरात अमेरिकेनं रशियाला अंतराळ स्थानकात भागीदार करून घेतलं. तारखा एकाखाली एक लिहून बघा. आपल्याला सात तयार इंजिनं मिळाली, ज्ञान नाही. ऑगस्टमध्ये माझा करार पुढे वाढला नाही. वही घेऊन दादरहून पुण्याची गाडी पकडली.

दादा म्हणाला, "तुला तेव्हाच सांगितलं होतं." हे एक वेळ ठीक. पण पुढे म्हणाला, "ज्या देशाला सोनं गहाण टाकावं लागतं त्यानं रॉकेटं उडवू नयेत." हे वाक्य वीस वर्षं माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि तुमचा प्रश्न वाचून तेच पुन्हा ऐकू आलं, म्हणून एवढं लिहितेय.

1998 च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या एका औषध व्यापाऱ्याबरोबर दुभाषी म्हणून मॉस्कोला गेले. तेल पुन्हा बारा-तेरा डॉलरवर होतं. ऑगस्टमध्ये रशियानं कर्जफेड थांबवली होती, डॉलरला सहा रुबल होते ते सोळा झाले होते. आमच्या व्यापाऱ्याचे पैसे अडकले होते, त्यामुळे रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीत बसायचं काम. आम्ही एक झिगुली गाडी रोज दिवसभरासाठी ठरवली. चालक पन्नाशीचा, फार नेटका बोलायचा. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मी बुरानच्या फरशांवर काम करत होतो." यानाला उष्णतेपासून वाचवणाऱ्या 38 हजारांवर फरशा होत्या, प्रत्येकीचा आकार वेगळा. तो त्या तपासायचा. बारा वर्षं.

संध्याकाळी त्यानं न सांगताच गाडी गॉर्की पार्कपाशी थांबवली. नदीकाठी बुरान उभं होतं. उडालेलं नव्हे, चाचण्यांसाठी बनवलेलं. तिकीट काढून लोकांनी बघायची ती एक गंमत झाली होती. तो पोटाखाली गेला आणि हात वर करून एका फरशीच्या कडेवरून बोट फिरवलं. फटी बघत होता. सवय.

तिथे माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुमच्या देशानं 1993 साली आम्हाला दिलेला शब्द मोडला. माझं काम त्यात गेलं." त्यानं हात खाली घेतला. म्हणाला, "1993 साली आम्हाला पाच महिने पगार नव्हता. मग पगार दिला तो तव्यांत." मला वाटलं माझ्या रशियनमध्ये काही चुकतंय, म्हणून पुन्हा विचारलं. चुकलं नव्हतं. कारखान्यानं यानाच्या कामाऐवजी घरगुती वस्तू काढायला घेतल्या होत्या आणि त्या विकल्या जाईनात, तेव्हा कामगारांना पगार म्हणून तवे वाटले. त्याच्या डिकीत अजून दोन होते. मेट्रोच्या दारात उभं राहून विकून उरलेले. मी एक घेतला. तो पैसे घेईना, मी डॅशबोर्डवर दहा डॉलर ठेवले.

रशियन माणसाचा शब्द खरा नसतो, हे दादाचं म्हणणं मी त्या दिवसानंतर कधी चालू दिलं नाही. तेल साठ डॉलर असतं तर येल्त्सिन तेवढ्या लवकर वाकले असते का? मला नाही वाटत. भाव पडल्यानं देश मेटाकुटीला येतो आणि मग समोरचा अटी घालतो. माझ्या मते तेलाचा आणि राजकारणाचा संबंध एवढाच आहे, पण तो पक्का आहे. खऱ्या उडालेल्या बुरानचं काय झालं तेही सांगते: कझाकस्तानातल्या बायकोनूर प्रक्षेपण तळावरच्या ज्या इमारतीत ते ठेवलं होतं तिचं छप्पर मे 2002 मध्ये कोसळलं. यान चिरडलं गेलं, आठ कामगार मेले.

आता तुमचं भविष्य. इथल्या बऱ्याच उत्तरांत लिहिलेलं दिसतं की 1973 च्या तेलसंकटानं अमेरिकेच्या चांद्रमोहिमा बंद पडल्या. साफ चूक. अपोलो 18, 19 आणि 20 रद्द झाल्या 1970 मध्येच. अरबांनी तेल रोखलं ऑक्टोबर 1973 मध्ये. तिथे व्हिएतनामचा खर्च होता आणि रशियाला हरवून झालं होतं. आणि तेल महाग असलं म्हणून तेलवाल्या देशाचं अंतराळात भलं होतं असंही नाही. मार्च 2022 मध्ये तेल 120 डॉलरच्या वर गेलं, पण युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे युरोपनं रशियाबरोबरची मंगळमोहीम थांबवली. वनवेब या इंटरनेट कंपनीचे उपग्रह बायकोनूरहून जायचे होते. त्यातले 72 श्रीहरिकोट्याहून गेले. ऑगस्ट 2023 मध्ये रशियाचं लुना-25 यान चंद्रावर आदळलं. 1976 नंतरची त्यांची ती पहिलीच चांद्रमोहीम. पैसा आला तरी पांगलेली माणसं परत येत नाहीत. फरशा तपासणारा माणूस झिगुली चालवत होता, त्याच्या हाताखाली कोण तयार होणार? उलट संयुक्त अरब अमिरातीकडे बघा. तेल संपेल या भीतीनंच त्यांनी 2020 मध्ये मंगळाकडे 'होप' यान पाठवलं. तेलाचा पैसा हाती असताना पोरांना इंजिनीअर करायचं, हा त्यांचा हिशोब. मला तो शहाणपणाचा वाटतो. खासगी कंपन्यांचं विचाराल तर त्यातल्या बऱ्याच शेवटी सरकारी कंत्राटांवर उभ्या आहेत, म्हणजे पुन्हा राजकारणच.

आणि भारत. 5 नोव्हेंबर 2013 ला मंगळयान उडालं, त्या दिवशी भाऊबीज होती. दादा जेवायला आमच्याकडे. त्या ऑगस्टमध्ये रुपया डॉलरला 68 पर्यंत घसरला होता आणि तेल शंभरच्या वर ठाण मांडून होतं. दुपारी दोन अडतीसला उड्डाण. टीव्ही चालू होता आणि दादानं तेच जुनं वाक्य काढलं, "पेट्रोल बघ कुठं गेलंय, आणि यांना मंगळ सुचतोय." मी ओवाळणीच्या ताटाशेजारीच कागद घेतला. देशानं आदल्या आर्थिक वर्षात आणलेलं कच्चं तेल जवळपास 7 लाख 80 हजार कोटींचं. भागिले 365, म्हणजे दिवसाला 2,100 कोटींच्या वर. मंगळयान 450 कोटी. म्हणजे सगळी मोहीम आपल्या पाच तासांच्या तेलाएवढी. ती रद्द केली असती तर भाऊबीजेच्या दिवशी पहाटे पाचपर्यंतचं तेल फुकट मिळालं असतं, पुढे काय? दादा बँकेतला माणूस, त्यानं भागाकार स्वतः पुन्हा करून पाहिला. मग कागद घडी घालून खिशात ठेवला. काही बोलला नाही.

तेव्हा "आपल्यासारख्या गरीब देशानं कशाला" हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य काढून टाका. जे क्रायोजेनिक इंजिन विकत घ्यायला आपण 1991 साली निघालो होतो, ते स्वतः बनवून उडवायला जानेवारी 2014 उजाडला. मधल्या काळात तेल दहा डॉलरही झालं आणि 147 सुद्धा. काम थांबलं नाही, कारण लोकांना पगार मिळत राहिला आणि ते जागेवर राहिले. तुम्ही शिकत असाल तर कुठल्या देशाशी कोणता करार होतोय ते बघून विषय निवडू नका. मी निवडला होता असं दादा अजून म्हणतो, पण ते खरं नाही. मी भाषा आवडली म्हणून शिकले, आणि आज 58 व्या वर्षीही तिच्यावरच पोट भरतेय.

दोन गोष्टी राहिल्या. 2014 ला चाललेलं इंजिन बरंचसं रशियन धर्तीचं आहे, चांद्रयान-3 नेणाऱ्या रॉकेटमधलं सीई-20 मात्र वेगळ्या, आपल्या रचनेचं. आणि पाच तासांचा हिशोब एकट्या मंगळयानाचा. अख्ख्या अंतराळ विभागाचा वर्षाचा खर्च सुमारे 13 हजार कोटी धरला आणि 2022-23 चं तेलाचं बिल घेतलं, तर तो जवळपास चार दिवसांच्या तेलाएवढा होतो. तवा अजून वापरात आहे, थालीपीठ चिकटत नाही.