कमी गुणांचा अर्थ लावण्याआधी

प्रिय,

तुरुंगातल्या बंद्यांना इतरांच्या भावना कितपत ओळखता येतात, हे मोजण्याचा तुझा आराखडा वाचला. चाचण्या बऱ्या निवडल्या आहेस, पण क्रम उलटा लागलाय. चेहऱ्यांचे फोटो समोर ठेवण्याआधी बंदीला वाचता कितपत येतं, नीट दिसतं-ऐकू येतं का, डोक्याला मार लागून कधी शुद्ध हरपली होती का, हे विचार. मेंदूच्या दुखापतीचा इतिहास तुरुंगात बाहेरच्यापेक्षा बराच जास्त आढळतो. चालू औषधं आणि नशा सुटून झालेले दिवसही नोंदव, नाहीतर गोळीची गुंगी मोजशील आणि तिला सहानुभूतीचा अभाव म्हणशील.

डोळ्यांवरून मन ओळखण्याच्या 2001च्या सुधारित चाचणीत 36 चित्रं आहेत, प्रत्येकाला चार शब्दांचे पर्याय. शब्द अवघड असल्याने ती चटकन भाषेची परीक्षा होते. शब्दार्थांची यादी जवळ ठेव, पर्याय वाचून दाखव, शब्दसंग्रह वेगळा मोज. डोळे मिटून उत्तरं दिली तरी सरासरी 9 बरोबर येतात. तेव्हा 11 गुणांवर परिच्छेद लिहू नकोस.

गोष्टीतल्या पात्राचं बोलणं कुठे खटकलं, हे विचारणाऱ्या चाचणीत गोष्टीचा कागद समोरच राहू दे. आकलनाच्या साध्या प्रश्नालाच उत्तर चुकलं, तर अडचण स्मरणाची किंवा लक्षाची असू शकते.

सगळ्यात जास्त वेळ चुकांच्या दिशेवर घालव, म्हणजे कुठल्या भावनेला तो चुकून कोणती भावना म्हणतो यावर. समज, सहा भावनांचे प्रत्येकी 10 फोटो आहेत. एकाने रागाचे दहाच्या दहा ओळखले. वा! पण ‘राग’ हे उत्तर त्याने एकूण 20 वेळा दिलंय, म्हणजे दहा वेळा दुसऱ्याच भावनेला राग म्हटलंय. म्हणून गुण असा दुरुस्त कर: बरोबर उत्तरांचा वर्ग भागिले (फोटो गुणिले त्या उत्तराचा वापर), म्हणजे 100 भागिले 200, म्हणजे 0.5. शंभर टक्के निम्म्यावर आले. शिवाय कोऱ्या चेहऱ्यात राग दिसणं ही बराकीत जगण्याची सवयही असू शकते. ती तुरुंगात येण्याआधीची की नंतरची, हे एका भेटीत ठरत नाही.

बंदीने स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावलीवरच विसंबू नकोस. सुटकेवर परिणाम होईल असं वाटलं की सगळेच दयाळू होतात. निकाल फाइलमध्ये जाणार नाही, हे प्रशासनाकडून आधी लेखी घे आणि मगच बंदीला सांग. पहारेकऱ्याला दिसावं, पण ऐकू येऊ नये, अशी खोली माग.

तुलनेला कॉलेजची मुलं नकोत. वय, शिक्षण आणि वस्ती जुळणारी माणसं शोध. बैठक 40 मिनिटांत आटोप. आणि कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी कुणालाही बोलावू नकोस.